वर्गात डार्ट बेडकांसाठी काचपेटी उभारायची आहे : अनुभवी मंडळींचा सल्ला हवा

पाचवीच्या_बाई (न्यू जर्सी)

नमस्कार. मी येथील एका सार्वजनिक शाळेत पाचवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. पर्जन्यवन हा धडा दर वर्षी चित्रे आणि चित्रफिती दाखवून संपतो, आणि मुलांच्या मनात त्यातले फारसे काही उरत नाही, असे मला गेली काही वर्षे जाणवत आहे. यंदा एका पालकांनी ४५ सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच अशी, समोर दारे असलेली काचेची पेटी वर्गाला दिली. तिच्यात जिवंत झाडे आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे तीन डार्ट बेडूक, म्हणजे ‘डेंड्रोबेटिस ल्यूकोमेलास’, ठेवावेत असा विचार आहे. मुख्याध्यापकांनी तोंडी होकार दिला आहे, पण पालकसभेत ‘विषारी बेडूक’ हे शब्द निघताच दोन-तीन चेहरे उतरले. त्यांना खरे उत्तर काय द्यावे? शनिवार-रविवारी आणि लांब सुट्टीत या प्राण्यांचे काय करावे? आणि पेटी उभारताना सुरुवातीलाच चुकू नये असे काय असते? कृपया सविस्तर लिहावे.

दलदल (ओहायो)

बाई, मी बारा वर्षे डार्ट बेडूक पाळतो आहे, म्हणून विषापासूनच सुरुवात करतो. या बेडकांच्या कातडीतील विष त्यांच्या शरीरात मुळातून तयार होत नाही. जंगलात ते ज्या मुंग्या आणि कोळीवर्गातील बारीक माइट खातात, त्यांच्यातील अल्कलॉइड द्रव्ये कातडीत साठत जातात. त्यामुळे घरी अंड्यातून वाढवलेला आणि फळमाश्यांवर पोसलेला बेडूक विषारी नसतो. जंगलातून पकडून आणलेल्या बेडकात मात्र ते विष काही वर्षेही टिकू शकते. म्हणून बेडूक पाळीव पैदाशीचेच आहेत असे पैदास करणाऱ्याकडून लेखी घ्यावे आणि तो कागद पालकांना दाखवावा. फुंकणीच्या बाणांना बेडकाचे विष लावण्याची कोलंबियातील एंबेरा लोकांची रीत ‘फायलोबेटिस’ या वेगळ्या वंशातील बेडकांशी निगडित आहे. तुम्ही निवडलेल्या जातीशी तिचा संबंध नाही, हेही त्यांना सांगता येईल. तरीही बेडूक हातात घ्यायचा नाही हा नियम ठेवावाच, कारण आपल्या हातावरचे साबण आणि मलम त्याच्या पातळ कातडीतून थेट आत जाते. पेटीत हात घालणाऱ्या प्रत्येकाने हात घालण्याआधी नुसत्या पाण्याने आणि बाहेर काढल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण उभयचरांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.

तुमची निवड उत्तम आहे. ही जात प्रामुख्याने व्हेनेझुएलाची. तिथे कोरडा ऋतूही असल्यामुळे ती आर्द्रतेतील थोडी चूक सोसते. दिवसा उघड्यावर हिंडते, आणि एकत्र ठेवता येते. टिंक्टोरियस जातीच्या माद्या एकमेकींना दाबून बसतात आणि ऑरॅटस पानांखाली लपून राहतो, त्यामुळे मुलांना पाहण्यासाठी हीच जात बरी. नर मात्र पक्ष्यासारखी लांब, चढती शीळ घालतो आणि ती ऐन गणिताच्या तासाला ऐकू येईल.

आता पेटी. तळाशी भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा पाच सेंटिमीटर थर द्यावा, त्यावर खिडकीला लावतात तशी फायबरची जाळी अंथरावी, आणि जाळीवर सहा-सात सेंटिमीटर माती. माती म्हणजे बागेतली नव्हे. अटलांटाच्या वनस्पती उद्यानाच्या नावाने ओळखले जाणारे मिश्रण घ्यावे, ज्यात वृक्षनेच्याचे तंतू, पीट, कोळसा, स्फॅग्नम मॉस आणि ऑर्किडसाठीची साल असते. एका कोपऱ्यात उभी नळी ठेवावी, म्हणजे तळाशी साचलेले पाणी ओढून काढता येते. ते जाळीपर्यंत चढले की माती आंबते आणि झाडांची मुळे कुजतात. सर्वांत वर मॅग्नोलियाच्या किंवा ओकच्या उकळून घेतलेल्या सुक्या पानांचा चांगला जाड थर हवा. नवखे लोक हा पालापाचोळा शोभेचा समजून मूठभर टाकतात, पण बेडकांचे निम्मे आयुष्य त्याच्यातच जाते आणि स्प्रिंगटेल व आयसोपॉड हे सफाई करणारे बारीक जीवही तिथेच वाढतात. तयार पेटीचे झाकण जाळीचे असेल, तर त्याचा बराचसा भाग काचेने झाकावा, नाहीतर दोन दिवसांत सगळे कोरडे पडेल.

झाडे लावून आणि स्प्रिंगटेल सोडून पेटी किमान महिना-दीड महिना बेडकांविना चालू द्यावी. फवारणीसाठी रिव्हर्स ऑस्मोसिसचे पाणी वापरावे. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडतो, पण पुष्कळ शहरांतल्या पाण्यात असलेला क्लोरामिन तसा उडत नाही.

जुनी_वही (मिशिगन)

दलदल यांनी पेटीविषयी लिहिले ते सर्व बरोबर आहे. मी शाळेविषयी लिहिते, कारण माझे बेडूक पेटीतल्या चुकीमुळे गेले नाहीत. मी शिकवत होते त्या शाळेत मे अखेरच्या तीन दिवसांच्या सुट्टीत वातानुकूलन बंद ठेवले होते आणि पेटी दक्षिणेकडच्या खिडकीजवळ होती. मंगळवारी सकाळी दार उघडले तेव्हा थर्मामीटरवर ३४ अंश सेल्सिअस दिसत होते. दोन बेडूक पाण्याच्या वाटीत पालथे पडले होते आणि तिसरा ओल्या मॉसमध्ये अर्धा रुतलेला, कसाबसा जिवंत होता. मुले रांगेत माझ्या मागेच उभी होती. या बेडकांना २२ ते २६ अंश मानवते आणि ३० च्या वर जिवावर बेतते. थंडीपेक्षा उष्णता लवकर मारते, हे मी तोवर नुसते वाचले होते.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे असे की, बेडूक मागवण्यापूर्वी ज्या जागी पेटी ठेवणार आहात त्याच जागी, दिवे रोज बारा तास चालू ठेवून, किमान आणि कमाल तापमान जपून ठेवणारा थर्मामीटर पेटीत ठेवा आणि एक लांब सुट्टी त्याच्यासह जाऊ द्या. परतल्यावर जो आकडा दिसेल तोच तुम्हाला होय की नाही ते सांगेल. कमाल २८ च्या वर गेले असेल, तर जागा बदला किंवा सुट्टीत बेडूक कोणाच्या घरी जातील हे आधी ठरवा. धडधाकट, पूर्ण वाढलेले बेडूक शुक्रवार दुपारपासून सोमवारपर्यंत अन्नावाचून राहतात, त्याची चिंता नको. नाताळच्या सुट्टीसाठी मात्र माणूसच लागतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सफाई कर्मचाऱ्यांना स्वतः भेटा. काच पुसण्याचा फवारा किंवा मुंग्यांवरचे औषध पेटीजवळ मारले तर बेडकांना ते सोसत नाही, आणि कर्मचाऱ्यांना कोणी सांगितलेच नसेल तर दोष त्यांचा नाही. मुख्याध्यापकांचा होकारही लेखी घ्या. हे बेडूक दहा-पंधरा वर्षे जगतात, तुमची बदली झाली तर ते कोणाचे, हे त्यात असू द्या.

सह्यकडा (पुणे)

हे वाचून माझ्याही शाळेत असे काही करावेसे वाटते. आपल्याकडे हे शक्य आहे का?

दलदल (ओहायो)

सर, डार्ट बेडूक सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि भारतात अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी सरकारकडे करावी लागते, त्यामुळे शाळेने त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते. सह्याद्रीतले बेडूक उचलून आणणे तर मुळीच नको. अशीच पेटी बेडकांविना करा. पावसाळ्यात शाळेच्या भिंतीवर उगवणारे मॉस, नेचे, कुजकी पाने आणि त्यांतले बारीक जीव एवढ्यावर मुले भिंग घेऊन तासभर खिळून राहतात.

पाचवीच्या_बाई (न्यू जर्सी)

सर्वांचे मनापासून आभार. पेटी आता खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला लावली आहे. सप्टेंबरमध्ये ती बेडकांविना सुरू होईल, मुले रोज तापमानाची नोंद ठेवतील, आणि नाताळची सुट्टी नीट पार पडली तरच जानेवारीत बेडूक येतील. तसेही पाळीव पैदाशीचे पिल्लू इतक्या थंडीत पार्सलने मागवण्यापेक्षा स्वतः जाऊन आणणे मला योग्य वाटते. एकच शंका उरली. फळमाश्या संपल्या असे होऊ नये म्हणून काय करावे?

दलदल (ओहायो)

उडता न येणाऱ्या मेलॅनोगॅस्टर जातीच्या माश्यांची नवी बरणी दर सोमवारी लावा आणि झाकणावर तारीख लिहा. २४-२५ अंशांना दोन आठवड्यांत त्यातून माश्या निघू लागतात, त्यामुळे तीन-चार बरण्या एका वेळी चालू असल्या की एखादी बुरशीने गेली तरी अडत नाही. महिन्याहून जुनी बरणी टाकून द्या, तिच्यात माइट होतात. खायला घालताना माश्या एका पेल्यात घेऊन चिमूटभर कॅल्शियम व जीवनसत्त्वांची पूड घाला आणि त्या पिठात घोळल्यासारख्या पांढऱ्या होईपर्यंत पेला हलवा. पुडीचा डबा उघडल्यापासून सहा महिन्यांनी बदला, उरली असली तरी. ही सोमवारची बरणी ऑक्टोबरपासूनच मुलांकडून लावून घ्या, म्हणजे बेडूक येतील तेव्हा हात बसलेला असेल.