केलेब जॉन्सनला इतक्यातच काढायचं? पन्नास कॅरीही न देता?

पिवळा_रुमाल

काल एकाने अमेरिकन फुटबॉलमधल्या (एनएफएल) आपल्या पिट्सबर्ग स्टीलर्सबद्दल लिहिलं, ‘केलेब जॉन्सनला ४ नोव्हेंबर २०२५च्या ट्रेडच्या (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) मुदतीआधी मिळेल त्या भावाने देऊन टाका. चाळीस यार्डांना ४.५७ सेकंद घेणारा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), त्यात सिअॅटलचा सामना त्याच्यामुळे गेला. ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडायच्या) तिसऱ्या फेरीतली ८३वी निवड पाण्यात.’ खाली पंचवीस जणांनी माना डोलावल्या. हे वाचून गप्प बसवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वेगाचं. लेव्हिऑन बेल ४.६० धावला होता. ह्याच संघाने त्याला २०१३ मध्ये ४८व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या मोसमात २४४ कॅरी (चेंडू घेऊन धावायच्या संधी), ८६० यार्ड, म्हणजे कॅरीमागे ३.५. तेव्हाही ‘हा पाय ओढत धावतो’ असं बोलणारे होतेच. पुढच्या वर्षी १,३६१ यार्ड आणि कॅरीमागे ४.७. जॉन्सनला अजून पन्नास कॅरीसुद्धा मिळालेल्या नाहीत. एवढ्याशा धावांवरून रनिंग बॅकचा निकाल लावायचा म्हणजे शितावरून भाताची परीक्षा नाही, पाण्याला आधण यायच्या आतच भात बिघडला म्हणणं आहे.

दुसरं, तो कुठून आलाय ते बघा. आयोवा विद्यापीठाकडून २०२४ मध्ये २४० कॅरी, १,५३७ यार्ड, २१ टचडाऊन, आणि त्यातलं बरंचसं आउटसाइड झोनवर (कडेच्या दिशेने धावायची खेळी), क्वार्टरबॅक (चेंडू वाटणारा, पास फेकणारा) सेंटरच्या अगदी मागे चिकटून उभा असताना. रनिंग बॅक चेंडूपासून सात यार्ड मागे असतो, दोन्ही बाजू त्याला समोर दिसतात आणि हातात चेंडू येईपर्यंत त्याला वेगही आलेला असतो. इथे ४१ वर्षांच्या क्वार्टरबॅक रॉजर्सला शॉटगन आवडते, म्हणजे सेंटरपासून काही यार्ड मागे उभं राहणं. तिथे बॅक क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा, सुरुवात आडवी, चेंडू घेताना जवळजवळ थांबलेला. प्ले कागदावर तोच असला तरी पावलं वेगळी पडतात. ही पावलं बसायला वेळ लागतो आणि तो वेळ सरावात कमी, सामन्यात जास्त मिळतो.

चौथा_डाऊन

बेलचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. त्या पहिल्या वर्षी बेलने ४५ झेलही घेतले. म्हणजे धावा निघत नव्हत्या तेव्हाही तो मैदानावर राहण्याच्या लायकीचा होता. जॉन्सन मैदानावर का नाही, ते तुम्ही सांगतच नाही. यार्ड हे कारण नाहीच. तिसऱ्या डाऊनला (चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) तो ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर धावून येणारे जादा बचावपटू) अडवू शकतो ह्याची कोणाला खात्री नाही, हे कारण आहे.

आणि संयमाची किंमत कोण मोजणार? यादीत ५३ खेळाडू, सामन्याच्या दिवशी गणवेशात जास्तीत जास्त ४८, तेही आठ लाइनमन धरले तर. तिसरा रनिंग बॅक त्या ४८ मध्ये बसायचा तर त्याने किकऑफ परतवायला हवा, नाहीतर कव्हरेजला धावायला हवं, नाहीतर पंटच्या (चेंडू लाथेने समोरच्याला देऊन टाकायच्या) वेळी संरक्षणात उभं राहायला हवं. ह्यातलं काहीच जमत नसेल तर तो साध्या कपड्यांत बाजूला उभा राहतो. ह्यात प्रशिक्षकाचा खुनशीपणा नाही, जागाच तेवढ्या आहेत.

ए_गॅप

चौथा_डाऊन यांच्याशी सहमत, आणि ब्लिट्झचं थोडं उलगडून सांगतो, कारण ‘ब्लॉकिंग येत नाही’ असं मोघम सगळेच म्हणतात.

समजा सेंटर आणि लाइनची डावी बाजू डावीकडे सरकतेय. उजवीकडचे गार्ड आणि टॅकल आपापल्या समोरच्यावर. मग उजवीकडचे लाइनबॅकर रनिंग बॅकच्या वाट्याला. त्याने आतून बाहेर बघायचं: आधी सेंटर-गार्डमधली फट, मग त्याच्या बाहेरची. कारण आतून येणाऱ्याला क्वार्टरबॅक सगळ्यात जवळ पडतो. दोघे आले तर आतला घ्यायचा, बाहेरच्यापासून वाचायची जबाबदारी क्वार्टरबॅकची. नवखा पोरगा नेमकं उलटं करतो. बाहेरून पळत येणारा ठळक दिसतो म्हणून त्याच्याकडे वळतो आणि आतला मोकळा सुटतो.

योग्य माणूस ओळखला तरी निम्मंच काम झालं. भेट लाइनपाशी घ्यायची, क्वार्टरबॅकच्या मांडीत नाही. दोन पावलं पुढे, गुडघे वाकवून, हात त्याच्या छातीच्या आत, डोकं वर. डोकं खाली घालून झेप घेतली की लाइनबॅकर अंग चोरून बाजूने निघून जातो. कॉलेजात ज्याने पंचवीस-पंचवीस वेळा चेंडू वाहिला त्याला ह्याची तालीम कमी मिळालेली असते. मागे उभा असलेला माणूस ४१ वर्षांचा असेल तर कोणता प्रशिक्षक हा प्रयोग सामन्यात करेल? आपला दुसरा एक बॅक गेनवेल ईगल्सकडून सुपर बोल जिंकून आलाय, त्याला हे झोपेत येतं. डब्लिनला वायकिंग्जविरुद्ध मुख्य बॅक वॉरन नव्हता तेव्हा त्यालाच १९ कॅरी दिल्या, त्याने ९९ यार्ड आणि दोन टचडाऊन काढले. तिथे प्रश्न मिटला.

लांब_स्नॅप

सगळे सिअॅटलच्या त्या किकऑफला (खेळ सुरू करणाऱ्या लाथेला) बगल देऊन बोलताय. खरी गोम तिथेच आहे आणि दोष एकट्या जॉन्सनचा नाही, हा नियमच घोळाचा आहे.

चौथं क्वार्टर सुरू झालंय, सिअॅटल १७-१४ पुढे. त्यांच्या मायर्सची किक टप्पा घेऊन जॉन्सनला चकवून मागे एंड झोनमध्ये (गोल लाइनमागच्या जागेत) गेली. जॉन्सन चेंडू मेला समजून चालायला लागला. त्यांचा होलानी धावत आला आणि चेंडूवर पडला. टचडाऊन, २४-१४. पुढे ३१-१७ने हरलो.

आता कॉलेजचा नियम: किकऑफ कोणी हात न लावता एंड झोनमध्ये जमिनीला टेकला की चेंडू मृत, टचबॅक, म्हणजे घेणाऱ्या संघाला ठरलेल्या यार्डावरून सुरुवात. पोरगा तीन वर्षं ह्या नियमात खेळला. एनएफएलमध्ये असा टप्पा घेऊन आत गेलेला चेंडू जिवंतच राहतो. शरीराला लागलेली सवय एका उन्हाळ्यात जाते का?

चौथा_डाऊन

जायलाच हवी! जुलैच्या शिबिरापासून रोज स्पेशल टीमची बैठक असते. एनएफएलमध्ये किकऑफ जिवंत असतो हे काही यंदा निघालेलं नाही. ‘सवय’ म्हणून पांघरूण घालू नका.

लांब_स्नॅप

पांघरूण नाही घालत, नीट वाचा. नियम यंदाचा नाही हे मान्य, पण किकऑफची मांडणी २०२४ पासून बदलली आहे आणि चूक तिथे महाग पडते. आधी कव्हरेजची माणसं किकरच्या बरोबरीने पस्तीसवरून धावत यायची. आता दहा जण समोरच्या संघाच्या ४० यार्डांवर उभे असतात, चेंडू जमिनीला किंवा खेळाडूला लागेपर्यंत हलायचं नाही, लागला की सुटायचं. तिथून गोल लाइन चाळीसच यार्ड. म्हणजे चेंडू सुटल्यावर रिटर्नरच्या हातात पाचएक सेकंद. पूर्वीइतकी सवड नाही.

त्यात टचबॅकची गणितं तीन. थेट एंड झोनमध्ये पडला तर ३५ यार्डांवरून सुरुवात, हे २०२५ पासून. २०२४ मध्ये ३० होती. गोल लाइन ते २० ह्या पट्ट्यात टप्पा पडून मग आत गेला आणि तिथे दाबला तर २० वरून. पट्ट्याच्या अलीकडेच पडला तर ४० वरून. म्हणून आता किकर उंच मारतच नाहीत. सपाट, लडखडत जाणारा, वेडावाकडा टप्पा घेणारा मारतात, म्हणजे तो पट्ट्यात पडेल आणि झेलता येणार नाही.

डावा_गार्ड

३५ वर टचबॅक नेला ते बरंच झालं, नाहीतर किकऑफ हा प्रकारच संपला होता. पण ह्या खेळात किकऑफ मुळात ठेवायचाच कशाला? जिवाला धोका आहे म्हणून बदलला, आता धोका कमी आणि गोंधळ जास्त.

लांब_स्नॅप

गोंधळ नाही, कौशल्य वाढलंय. रिटर्नर आता क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा टप्प्यामागे अंग नेतो. चेंडूसमोर छाती, गुडघा जमिनीजवळ, म्हणजे निसटला तरी पुढे पडावा. जॉन्सन उभ्याने हात पुढे करून घ्यायला गेला, तिथे तंत्र चुकलं. आणि पट्ट्यात सहसा दोघे उभे असतात, घेणारा चुकला की दुसऱ्याने ‘पड, पड’ म्हणून ओरडायचं असतं. नुसता चेंडूवर पडला असता तरी २० वरून खेळ सुरू झाला असता. १५ यार्डांचं नुकसान, बस.

डावा_गार्ड

यष्टिरक्षकाच्या अंगावर दहा माणसं धावून येत नाहीत. उदाहरणं तोलून मापून द्या.

लांब_स्नॅप

तुम्ही किकऑफ बंद करा म्हणताय, आणि मी उदाहरणं तोलू? वर्षाला पाच-सहा सामने ह्याच एका खेळीवर फिरतात हे दिसत नाही का तुम्हाला?

चौथा_डाऊन

पाच-सहा हा आकडा कुठून काढलात? मोजलेत का? नसतील मोजले तर लिहू नका.

लांब_स्नॅप

नाही मोजले. आकडा मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

पिवळा_रुमाल

धागा जॉन्सनचा आहे, किकऑफचा नाही. पण एक मान्य करतो, चौथा_डाऊन यांचं: तिसऱ्या बॅकला स्पेशल टीमवर जागा मिळवावी लागते आणि ती त्याने स्वतःच्या हाताने घालवली. तेवढं खरं.

आता मूळ मुद्दा. चुका दोन जातीच्या असतात. शिकवता येणाऱ्या आणि न येणाऱ्या. जायंट्सचा रनिंग बॅक टिकी बार्बर २००३ मध्ये नऊ वेळा फंबल करून (चेंडू हातून सोडून) बसला होता. २००४ मध्ये प्रशिक्षक कॉफलिन आले, चेंडू धरायची पद्धत बदलायला लावली: बोटं चेंडूच्या टोकावर, तळवा, कोपरापर्यंतचा हात, दंड आणि छाती, पाचही ठिकाणी चेंडू चिकटलेला, मनगट कोपराच्या वर. २००५ मध्ये १,८६० यार्ड आणि एकच फंबल. तेव्हा तो तिशीचा होता. तिशीत माणूस चेंडू धरायला शिकतो, मग बाविशीतल्या पोराला नियम आणि ब्लिट्झ शिकता येत नाही?

चौथा_डाऊन

मग ट्रेंट रिचर्डसनचं काय? २०१२ मधली तिसरी निवड. संयमाचा विक्रम म्हणावा इतका संयम दाखवला त्याला. ब्राउन्सकडे पहिल्या मोसमात कॅरीमागे ३.६ यार्ड, कोल्ट्सनी पहिल्या फेरीची निवड मोजून घेतला, तिथे २.९, पुढच्या वर्षी ३.३. तिथेही हेच म्हणत होते, ‘लाइन वाईट आहे, सवय व्हायचीय.’

ए_गॅप

रिचर्डसन काढलात ते बरं झालं, पण तो तुमच्याच विरुद्ध जातो. २०१३ मध्ये त्याच कोल्ट्सच्या लाइनमागे डोनाल्ड ब्राउनने १०२ कॅरींत ५३७ यार्ड काढले, ५.३. लाइन तीच, मोसम तोच. म्हणजे दोष लाइनचा नव्हता, डोळ्यांचा होता. रनिंग बॅकला मोजायचं तर असं मोजा, शेजारच्याशी.

डोळ्यांचा दोष कसा ओळखायचा ते सांगतो. आउटसाइड झोनमध्ये बॅकचा नेम टाइट एंडच्या बाहेरच्या कुशीवर. डिफेन्सिव्ह एंडचं (बचावाच्या लाइनमधल्या कडेच्या माणसाचं) हेल्मेट बघायचं. तो आत दाबला गेला तर वळसा घालून बाहेर. तो बाहेर गेला तर नजर बचावाच्या आतल्या टॅकलवर आणि मग एकदाच पाय रोवून आत. पण रोवायच्या आधी लाइनमनच्या टाचांपर्यंत जायचं. तोवर लाइनबॅकर बाहेर ओढला जातो आणि मागे फट उघडते. घाई करून दोन पावलं आधी वळलात तर लाइनबॅकर जागेवरच असतो, तो येऊन सरळ कवेत घेतो. रिचर्डसन स्वतःच्या गार्डच्या पाठीवर जाऊन आपटायचा, शेजारी दार उघडं असताना. जॉन्सनचं तसं नाही. आयोवाच्या खेळात टाचांपर्यंत जाऊन एकदाच वळणं हीच त्याची ओळख होती. इथे तो लवकर वळतोय, कारण शॉटगनमधून त्या टाचांपर्यंत पोचायला त्याला वेगळी मोजणी हवी आहे.

डावा_गार्ड

लाइनच्या बाजूने बोलतो. मेल्विन गॉर्डन, २०१५: १८४ कॅरी, ६४१ यार्ड, एकही टचडाऊन नाही, सहा फंबल. १५वी निवड! चार्जर्सची अर्धी लाइन जायबंदी होती. त्याच्यावर काय काय बोलले लोक. पुढच्या वर्षी तेराच सामन्यांत ९९७ यार्ड, धावून दहा टचडाऊन. लाइन सावरली की बॅक सावरतो.

चौथा_डाऊन

गॉर्डनला १८४ कॅरी दिल्या म्हणून तो सावरला. ह्याला पन्नासही नाहीत, तर सावरणार कशावर?

पिवळा_रुमाल

अहो, हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय!

चौथा_डाऊन

तुम्ही ‘संयम ठेवा’ म्हणताय, मी ‘कॅरी द्या’ म्हणतोय. दोन गोष्टी वेगळ्या. बाकावर बसवून ठेवलेला संयम कोणाच्याच कामाचा नाही. बरं, तिसऱ्या फेरीच्या खेळाडूचा करार चारच वर्षांचा, पाचव्या वर्षाचा पर्याय फक्त पहिल्या फेरीला. एक वर्ष बघता बघता जाईल. ट्रेड करू नका, इतपत मानतो. मुदतीला त्याची सहाव्या-सातव्या फेरीपलीकडे किंमत येणार नाही, तेवढ्यासाठी बावीस वर्षांचा, २२४ पौंडांचा बॅक कोण देतं. पण मग त्याला पहिल्या आणि दुसऱ्या डाऊनला, रॉजर्स सेंटरच्या मागे उभा असताना, दर सामन्यात सहा-सात कॅरी द्या. त्यात ब्लिट्झ अडवायचा प्रश्नच नाही.

ए_गॅप

त्यात एक अडचण. तो आला की धाव येणार हे समोरच्याला कळतं. मग सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) खाली उतरतो, आठ माणसं लाइनपाशी. म्हणून त्या सहातल्या दोनदा तरी त्याला खोटा हँडऑफ देऊन पास फेकावा लागेल, आणि तिथे त्याला ब्लिट्झ अडवावाच लागेल.

चौथा_डाऊन

हो. तिथे अडतंय खरं.

लांब_स्नॅप

आणि किकऑफला?

पिवळा_रुमाल

किकऑफला इतक्यात नको. पंटच्या संरक्षणात उभा करा आधी. तिथेही आतून बाहेर बघावं लागतं, तिथेही गुडघे वाकवून हात आतच लावावे लागतात. ए_गॅप यांनी वर लिहिलेलं सगळं तिथे शिकता येतं, आणि मागे रॉजर्स नसतो.