मदत हवी आहे: सुईशिवाय इन्सुलिन देता येईल का? (ठाणे)

घोडबंदरची सून

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. सासूबाई, वय ६८, आमच्याबरोबर असतात. सोळा वर्षांचा मधुमेह. तीन प्रकारच्या गोळ्या चालू असूनही या वेळी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) १०.४ आलं. डॉक्टरांनी रात्री झोपताना १० युनिट इन्सुलिन लिहून दिलं. इन्सुलिनचं पेन कसं वापरायचं ते दाखवायचं म्हणून तिथल्या मदतनीसाने न विचारता पोटावर सुई टोचली आणि आई खुर्चीतच भोवळ येऊन पडल्या.

त्याला आज अठरा दिवस झाले. पेन फ्रीजच्या दारात तसंच पडून आहे. "गोळ्या दहा दे, कडू काढे दे, पण सुई नको," एवढंच म्हणतात. रात्री तीन-तीनदा लघवीला उठतात, भिंतीला धरून चालतात. ते पावलांचे आवाज ऐकत मी जागी असते.

त्या भित्र्या नाहीत हो. गिरणी संपाच्या वेळी, १९८२ साली, लालबागच्या खोलीत लोकांचे परकर-पोलकी शिवून त्यांनी घर चालवलं. मशीनची सुई बोटातून आरपार गेली तेव्हा स्वतःच उपसून काढली आणि चिंधी बांधून पुढे शिवत बसल्या. त्यांच्या मोठ्या भावाला इन्सुलिन सुरू झालं आणि वर्षभरात त्याचा पाय कापावा लागला, ते मात्र त्या सारखं सांगतात.

मी जमेल तसं वाचते आहे. श्वासातून ओढायचं इन्सुलिन आहे, अफ्रेझा. अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालं आणि डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याकडे सिप्लाला त्याची परवानगी मिळाली. (आईंना दोन वर्षांपूर्वी खोकल्यासाठी श्वासातून ओढायचा पंप दिला होता, मग हे चालेल ना?) करोनाच्या काळात झायडसची लस सुईविना, नुसत्या दाबाने देत होते, तसं इन्सुलिन देता येत नाही का? सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधाची गोळी मिळते म्हणतात. आणि पवईच्या आयआयटीत शॉक वेव्हवर (दाबाच्या जोरदार लाटेवर) चालणारी बिनसुईची सिरिंज बनवली आहे, ती कुठे मिळेल? पवई इथून काही फार लांब नाही!

शेजारच्या काकूंनी जिभेखाली ठेवायचे "इन्सुलिनचे थेंब" आणून दिलेत. अजून दिलेले नाहीत. कृपया लवकर सांगा.

रबाळेकर

ताई, मी औषध कंपनीत गोळ्या-कॅप्सूल बनवण्याच्या विभागात आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे डोसबद्दल बोलणार नाही.

ते थेंब आधी टाकून द्या. इन्सुलिन हे प्रथिन आहे, पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. कातडीतूनही आत शिरत नाही. साधारण ५०० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) वरचा रेणू कातडीच्या सगळ्यात बाहेरच्या थरातच अडतो आणि इन्सुलिनचा रेणू ५८०० च्या आसपास आहे. निकोटिनची पट्टी चालते कारण तो रेणू जेमतेम १६२ चा. १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचलं, तेव्हापासून सगळ्यांची धडपड याच दोन दारांशी चालली आहे.

अफ्रेझा खरं आहे, पण ते जेवणाच्या वेळेचं इन्सुलिन. काही मिनिटांत कामाला लागतं आणि दोन-तीन तासांत संपतं. तुमच्या आईंना रात्री एकदाच दिलंय म्हणजे ते दिवसभर थोडं थोडं झिरपणारं असणार. त्याची जागा हे घेऊ शकत नाही. शिवाय फुप्फुसांची फुंकर-चाचणी करून मगच देतात आणि दमा असेल तर देतच नाहीत. तो पंप कशासाठी दिला होता, हे डॉक्टरांना नक्की सांगा. गोष्ट छोटी नाही.

दाबाच्या यंत्रात स्प्रिंग असते, औषधाची केसाएवढी धार कातडी भेदून आत जाते. सुई नाही, पण फटका बसतो, कधी काळंनिळं होतं आणि थेंबभर औषध बाहेर राहिलं तर डोस चुकतो. लसीसाठी ठीक. रोजच्या १० युनिटांसाठी मी माझ्या आईला देणार नाही. पवईची सिरिंज उंदरांवर तपासली आहे, इन्सुलिन देऊनसुद्धा. काम सुंदर आहे, पण ते तुमच्या या महिन्याच्या उपयोगाचं नाही.

सेमाग्लुटाइड हे इन्सुलिन नव्हे. गोळी उपाशीपोटी, अर्ध्या कप पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. त्यांचं स्वादुपिंड, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनवणारा अवयव, अजून किती साथ देतंय त्यावर सगळं आहे, म्हणून हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा.

एक बोलू का? मशीनची सुई उपसून काढणाऱ्या बाईंना टोचण्याची भीती असेल असं मला वाटत नाही. भावाच्या पायाबद्दल त्यांच्याशी कोणी नीट बोललंय का?

वाशीची माई

मी स्वतः नऊ वर्षं इन्सुलिन घेते. पेनची सुई ४ मिलिमीटरची मागून घ्या, तांदळाच्या दाण्याहून आखूड असते. त्यांना आडवं झोपवा. भोवळ येते कारण बीपी एकदम उतरतं. त्यासाठी हातापायांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटला की सोडायचे, असं चार-पाच वेळा. मला हे एका नर्सबाईंनी शिकवलं आणि माझी भोवळ थांबली. आणि पेन त्यांच्या हातात द्या गं. दुसऱ्याने टोचलेलं जास्त लागतं.

घोडबंदरची सून

दादा, माई, काल रात्री भांडी झाल्यावर बसले त्यांच्याजवळ. मामांचं विचारलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दादाच्या तळव्याला जखम आधीच होती. चार महिने घरीच हळद भरत होता, कुणाला सांगितलं नाही. इस्पितळात नेल्यावर इन्सुलिन लावलं." म्हणजे आधी जखम, मग इन्सुलिन. इतकी वर्षं त्यांच्या मनात हे उलटं बसलं होतं आणि मी अठरा दिवस यंत्रं शोधत होते.

मेडिकलमधून ४ मिलिमीटरची सुई आणली. चष्मा लावून खिडकीशी धरून पाहिली. "ही? मशीनची बरी होती," म्हणाल्या. टोचून घेतलेलं नाही अजून. थेंब टाकून दिले. शुक्रवारी डॉक्टरांकडे जातोय, पंपाचा जुना कागद सापडला आहे तो बरोबर नेते.

आता एकच हवंय. माजिवडा ते कासारवडवली या पट्ट्यात पेन वापरायला घरी येऊन, घाई न करता, मराठीतून शिकवणारं कोणी आहे का? शक्यतो बाईमाणूस. संध्याकाळी सातनंतर मी घरी असते.