एचडीएलच्या कणातून कॅन्सरचं औषध: आपल्याकडे यावर पैसा लावावा का?

औषधशाळा: पॅक्लिटॅक्सेल या कॅन्सरच्या औषधाची सलाईन लावण्याआधी पेशंटला स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं द्यावी लागतात. त्याचं मोठं कारण क्रेमोफोर. औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून हे द्रावक घालावं लागतं आणि अंगावर येतं ते बहुतेकदा हेच. आता एचडीएल, म्हणजे रक्तातलं ‘चांगलं कोलेस्टेरॉल’, बघा. जेमतेम 8 ते 12 नॅनोमीटरचा कण, आत कोलेस्टेरॉल, बाहेर एपो-ए1 प्रथिनाचा पट्टा. आतला माल बदलून तिथे असं औषध बसवता येतं, द्रावकाची गरजच उरत नाही. शिवाय एसआर-बी1 रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं एचडीएलला धरणारं प्रथिन, अख्खा कण न गिळता फक्त आतला माल काढून घेतो, आणि कित्येक ट्यूमरमध्ये हा रिसेप्टर भरपूर असतो. माझं मत ठाम आहे: आपल्या प्रयोगशाळांनी औषध वाहणाऱ्या पॉलिमरच्या कणांपेक्षा इकडे जोर लावावा.

वॉर्ड नंबर सात: साफ असहमत. एसआर-बी1 यकृतात आणि मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत ठासून भरलेला असतो. केमोचं औषध तिथे उतरलं तर निस्तरायचं कोणी? 2016 साली आधीच्या दहा वर्षांतल्या नॅनोकणांच्या प्रयोगांचा आढावा निघाला होता. दिलेल्या डोसपैकी ट्यूमरपर्यंत पोचला तो मध्यक 0.7 टक्के, तोही बहुतेक उंदरांत. वाहन शरीराचं ओळखीचं आहे म्हणून हा आकडा आपोआप सुधारेल असं मानायला माझं मन धजत नाही.

चिकित्सक: सीएसएल112 विसरलात का? माणसाच्या प्लाझ्मातून काढलेल्या एपो-ए1 चे कण, हार्ट अ‍ॅटॅक आलेल्या 18 हजारांवर पेशंटना एकतर हे किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन. 2024 मध्ये निकाल लागला. 90 दिवसांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, पुन्हा अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात: 4.8 विरुद्ध 5.2 टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. प्लाझ्मा गोळा करून एवढं महागडं प्रथिन काढायचं, ते यासाठी?

औषधशाळा: अहो, तिथे कणात औषध नव्हतंच. कण स्वतःच धमन्यांतलं कोलेस्टेरॉल उपसेल अशी आशा होती, ती फसली. पण वाहन म्हणून बघाल तर हजारो माणसांच्या शिरेत ते गेलं आणि एकूण दुष्परिणाम प्लासिबोइतकेच राहिले. अतिसंवेदनशीलतेच्या घटना थोड्या जास्त होत्या, हे मान्य. इतक्या माणसांवर तपासलेलं दुसरं वाहन फार क्वचित मिळेल.

वॉर्ड नंबर सात: सुरक्षित आहे म्हणून नेमकं आहे असं होत नाही.

नागपूरकर: दोघांनाही एक सांगावंसं वाटतं. 2018 मध्ये मंजूर झालेलं पॅटिसिरान हे औषध कसं चालतं? कृत्रिम चरबीचा कण रक्तात शिरला की एपो-ई हे रक्तातलं प्रथिन त्याला चिकटतं, आणि यकृताच्या पेशी त्याला आपल्याच लिपोप्रोटीनसारखं, म्हणजे शरीराच्या चरबी वाहणाऱ्या कणासारखं, आत घेतात. आजार यकृतात बनणाऱ्या प्रथिनाचा, म्हणून हे जमलं. तेव्हा पैसा लावायचाच तर आधी यकृताच्या कॅन्सरवर लावा. तिथे वॉर्डवाल्यांची निम्मी हरकत गळून पडते. अ‍ॅड्रिनलची मात्र उरते, आणि औषधशाळाताई, तिचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.