चर्चा: गाण्यानं सत्ता हलते का? नामांतराचं काय म्हणता?

गोदाकाठचा
14 एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतं लागली की आमच्या नांदेडात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘नामांतर या गाण्यांनी घडवलं.’ मला पटत नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव 27 जुलै 1978 ला विधिमंडळात झाला, तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार. लगेच मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि ठराव बासनात गेला. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, म्हणजे जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडलं, तेव्हाही पवारच. दोन्ही वेळा निर्णय मुंबईत. गाण्याचा संबंध काय?

परभणीची लेक
दादा, मधली सोळा वर्षं उडवून टाकली तुम्ही! मोर्चे, सत्याग्रह, तुरुंग, आणि रात्री वस्तीत वामनदादा कर्डकांची गाणी. पत्रक वाचता न येणाऱ्या बायांपर्यंत मागणी पोचली ती अशी. घर जळालेल्या माणसाला पुढच्या मोर्चाला यायचं बळ कुठून येतं, सांगा.

बीडचा वकील
ऐकलं कुणी? वस्तीनंच ना? जाळणारे काही गाणं ऐकून विरघळले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांना सगळ्या जातींनी डोक्यावर घेतलं, कारण ती मागणी बहुसंख्यांची होती. इथं बहुसंख्य विरोधात होते.

ढोलकीवाला लातूर
मी निवडणुकीत प्रचारगीतं गातो. चाल एक, पक्ष तीन, फक्त नाव बदलायचं (पैसे आधी घ्यायचे!). मत फिरतं का माहीत नाही बुवा. साहेब तीन तास उशिरा आले तरी गर्दी हलत नाही, एवढं मात्र खरं.

परभणीची लेक
तेच म्हणते मी. तिथं तीन तास, इथं सोळा वर्षं. लोक पांगले असते तर 1994 ला विषय कुणी काढला असता?

बीडचा वकील
लोक पांगले नाहीत ते रागानं. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडात गौतम वाघमारेंनी आत्मदहन केलं, दोन महिन्यांच्या आत निर्णय आला. सरकार हादरलं ते याला, पेटी-तबल्याला नाही.

गोदाकाठचा
आणि मिळालं तेही पुरतं नाही. विद्यापीठाच्या नावात ‘मराठवाडा’ राहिलंच. गाणारे काही तडजोड मागत नव्हते.

परभणीची लेक
तडजोड सरकारची, तिचा हिशेब शाहिराकडं कशाला मागता? आणि वकीलसाहेब, वाघमारेंचं नाव आमच्या गल्लीतल्या पोरांना ठाऊक आहे. पुस्तकातनं नाही, जयंतीच्या स्टेजवरनं.