मदत हवी आहे: सीईटीला ८८ पर्सेंटाइल, झेपेल असं इंजिनिअरिंग कॉलेज कुठलं?
नमस्कार मंडळी. बार्शीच्या भाच्याला एमएचटी-सीईटीत ८८.४ पर्सेंटाइल, प्रवर्ग खुला. भावजींचं किराणा दुकान, उत्पन्न आठ लाखांच्या आत. पोराला कॉम्प्युटरच हवंय.

टीएफडब्ल्यूएसचे (ट्यूशन फी माफीची योजना) शेवटी 'टी' असलेले कॉलेज-कोड कच्च्या यादीत सगळ्यात वर टाकलेत, पण त्या जागा मोजून पाच टक्के. नाही लागलं तर? यवतमाळ-चंद्रपूरच्या शासकीयला मेकॅनिकल घ्यावं, की सोलापुरात खासगी कॉम्प्युटर? एका कॉलेजच्या फीपत्रकात खाली बारीक अक्षरांत डेव्हलपमेंट फी वेगळीच निघाली. शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी ट्यूशन फी सुटेल, मेसचं काय?

गेल्या वर्षी ८७-८९ वाल्यांना कुठे काय लागलं, प्लीज सांगा. ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) परवा भरायचाय, आणि भावजी रोज दुकान बंद करून मलाच फोन लावतात.