वरातीची घोडी, चार म्हशी, सहा शेळ्या: सगळ्यांना एकच डॉक्टर चालेल का? (दहिसर)

दहिसरचा_धाकटा

नमस्कार मंडळी. इथे सगळे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर विचारत असतात म्हणून जरा दबकतच लिहितोय. आमची दहिसरला डोंगराच्या बाजूला आजोबांच्या वेळची जागा आहे, तिथे चार म्हशी, सहा शेळ्या आणि एक पांढरी घोडी. घोडी वरातीला जाते, तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. वीस वर्षं आमच्याकडे एकच डॉक्टर यायचे, स्कूटरवर, मागे ती ॲल्युमिनियमची पेटी. त्यांचा नंबर गोठ्याच्या फळीवर खडूने लिहिलेला असायचा आणि पुसट झाला की आई परत गिरवायची. ते आता मुलाकडे नाशिकला गेले कायमचे.

मागच्या महिन्यात मीरा रोडला वरात होती. पाहुण्यांनी घोडीला हौसेने बुंदी, जिलेबी, काय काय भरवलं, मी नाही म्हणेपर्यंत अर्धी परात गेली. रात्री एकला घरी आलो आणि तीनच्या सुमाराला ती पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, सारखी मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती, मग बसली आणि लोळायलाच लागली. एका गुरांच्या डॉक्टरांना फोन केला, ते अडीच तासांनी आले कारण वर्सोवा पुलाजवळ ट्रक अडकलेले. आले, एक इंजेक्शन दिलं, म्हशीला पोट फुगल्यावर पाजतात तीच बाटली घोडीच्या तोंडात रिकामी केली (ती जाम खोकली) आणि पैसे घेऊन गेले. सकाळी लीद पडली आणि उभी राहिली, देवाची कृपा. पण बाबा म्हणतात हे नशीब होतं, डॉक्टरी नव्हती.

तर आता नवीन डॉक्टर ठरवायचाय. काय बघायचं असतं? डिग्री? जवळ राहणारा? म्हशी आणि घोडी दोन्ही बघणारा मिळतो का, का दोन वेगळे धरायचे? मुंबईत राहून हा प्रश्न विचारायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

गोठेवाला_आरे

भाऊ दोन वेगळे धर, विषय संपला. बरं नाही संपला, सांगतो. म्हशीचं आमच्याकडे काय असतं, कासदाह, व्यायल्यावर वार न पडणं, व्याल्या-व्याल्या अंग गार पडून बसून राहणं (कॅल्शियम शिरेतून लावलं की अर्ध्या तासात उठते), माज, गाभण तपासणी, लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाच्या लसी. रोज दहा गोठे फिरणाऱ्या माणसाचा हात यात बसलेला असतो. तोच माणूस घोडा वर्षातून एकदा बघतो. हुशार नाही असं नाही, हात बसलेला नसतो.

म्हशीसाठी डॉक्टर निवडताना माझी एकच परीक्षा. अँटिबायोटिक दिल्यावर तो स्वतःहून सांगतो का, की इतके दिवस हिचं दूध डेअरीला घालू नका. जो सांगत नाही, आणि वर म्हशीने दूध सोडावं म्हणून टोचायचं पान्ह्याचं इंजेक्शन खिशातून काढून देतो, त्याला चहा पाजून वाटेला लावायचं. आमच्या ओळीत एक असा येतो, लोक त्याला देव मानतात कारण लगेच गुण येतो. लगेच गुण येण्याचं कारण काय तर प्रत्येक रोगावर तीच तीन इंजेक्शनं.

आणि कागद मागायला लाजू नका. राज्य पशुवैद्यक परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर खऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर असतो. डिप्लोमावाले पण फिरतात, ते किरकोळ कामाला चांगले असतात, पण कायद्याने त्यांनी रजिस्टर्ड डॉक्टरच्या देखरेखीखालीच काम करायचं असतं. १९८४ चा कायदा आहे तो, काही नवीन नाही.

महालक्ष्मी_सईस_पुत्र

माझे वडील तीस वर्षं रेसकोर्सच्या तबेल्यात सईस होते. मी बँकेत आहे पण लहानपण लिदीच्या वासात गेलंय त्यामुळे बोलायचा हक्क आहे माझा 😄

दहिसरच्या दादा, तुमच्या घोडीला जे झालं तो पोटशूळ, आमच्याकडे सगळे कॉलिकच म्हणतात. घोड्याला उलटी होत नाही. होतच नाही, त्याची रचनाच तशी आहे. म्हणून पोटात गॅस नाहीतर चारा साठला की वर यायला वाट नसते आणि जठर फाटू पण शकतं. आणि ती जी बाटली तोंडात ओतली ना, ती खोकली म्हणजे थोडं तरी श्वासनलिकेत गेलं असणार, फुफ्फुसात गेलं असतं तर न्यूमोनिया. हे वाचून मला राग आलाय खरं तर, तुमच्यावर नाही.

घोड्याचा डॉक्टर कसा ओळखायचा ते मी एकदा समोर बघितलंय. रात्रीची वेळ, घोडा घामाने भिजलेला. डॉक्टर आले आणि पहिली पाच मिनिटं त्यांनी पेटी उघडलीच नाही. नुसते उभे राहून बघत होते, श्वास कसा घेतोय, पाय कसे टाकतोय. मग जबड्याखाली दोन बोटं ठेवून घड्याळात बघत नाडी मोजली. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते, साठच्या वर गेली की धावपळ करायची. मग ओठ वर करून हिरड्या बघितल्या, अंगठ्याने दाबून सोडल्या, रंग दोन सेकंदांत परत यायला पाहिजे. मग दोन्ही कुशींना स्टेथोस्कोप लावून आतडी वाजतायत का ते ऐकलं. आणि मग नाकातून लांब नळी घातली, हळूहळू, तिचं दुसरं टोक स्वतःच्या कानाजवळ धरून. बाबा घोड्याचे कान चोळत होते. त्या नळीतून आधी आतलं बाहेर काढलं, मग औषध सोडलं.

तर फोनवर एवढंच विचारा, तुमच्याकडे नाकातून घालायची नळी आहे का. "लागली तर मागवू" म्हणाले तर दुसरा नंबर लावा. दुसरं, डॉक्टर येईपर्यंत स्वतःच्या मनाने पेनकिलर टोचू नका. दुखणं दबतं, घोडा शांत होतो, आत आतडं पिळलेलं असेल तर ते कळतच नाही. दिलंच असेल तर काय आणि किती वाजता ते कागदावर लिहून डॉक्टरच्या हातात द्या.

बाय द वे, घोडीला खायला काय घालता रोज?

परळ_फायनल_इयर

सईस_पुत्र यांनी सगळं बरोबर लिहिलंय, आमच्या परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात सर पण हेच शिकवतात. फक्त शेवटचा प्रश्न मी जरा ठळक करतो कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. घोडी आणि म्हशी एकाच गोठ्यात असतील तर म्हशीची तयार पेंड घोडीला घालता का? काही पशुखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, कोंबडीखाद्यात पण असतं. गाई-म्हशींना ते योग्य प्रमाणात चालतं, घोड्याला अगदी थोडं पण जीवघेणं, थेट हृदयाच्या स्नायूवर जातं. तुम्ही जो डॉक्टर ठरवाल त्याला हे विचारून बघा, न सांगता माहीत असेल तर तो घोड्याचा डॉक्टर.

बाकी परळचं विसरू नका. आमचं कॉलेज १८८६ चं आहे आणि शेजारीच जुनं बैलघोडा हॉस्पिटल, नावातच सगळं आलं. दहिसरहून तिथे दर वेळी घोडी नेणं शक्य नाही मान्य, पण वर्षातून एकदा दात, खूर, रक्त असं नीट तपासून घ्यायला नेता येईल. घोड्याच्या वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्या दाढांना आतून धार येते, त्या घासून घ्याव्या लागतात, नाहीतर घास तोंडातून गळत राहतो आणि लोक म्हणतात घोडा म्हातारा झाला. धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली आहे? घोडा धनुर्वाताला फार कच्चा असतो, नालबंदाचा एक खिळा वाकडा गेला तरी पुरतो.

सुलूआत्या_वसई

पोरांनो शेळ्यांचं कोणी बोललंच नाही. नेहमीचंच आहे हे, शेळी म्हणजे गरिबाची म्हणून डॉक्टर पण उभ्या उभ्या बघतो. माझ्याकडे चौदा आहेत. पावसाआधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस, आणि जंताचं औषध वजन बघून. वजन बघून म्हणजे अंदाजाने नाही, आमचा डॉक्टर काटा घेऊन येतो, पिशवीत बसवून टांगतो शेळीला. तेव्हापासून तोच.

सरकारी दवाखाना टाळू नका उगाच. श्रेणी एकच्या दवाखान्यात पदवीवाला डॉक्टर असतो, श्रेणी दोनला पर्यवेक्षक असायचा, तुमच्याकडे कोण बसतं एवढं माहीत असलं की कोणाला कशासाठी बोलवायचं ते कळतं. लसी तिथून होतात, कानात बिल्ला मारून देतात. १९६२ नंबरवर गाडीपण येते पण रात्री तीनला तिच्या भरवशावर राहू नका हो.

आणि धाकट्या, मी कोणालाही ठरवताना हे विचारते: तुम्ही गावाला गेलात तर कोण येणार? ज्याच्याकडे उत्तर नाही तो चांगला असला तरी अर्धाच डॉक्टर. तुमचा तो स्कूटरवाला गेला आणि तुम्ही उघडे पडलात ना, तेच.

गोठेवाला_आरे

आत्याला पूर्ण पाठिंबा. रात्रीची फी पण आधीच विचारून ठेवायची, तेव्हा घासाघीस करायला तोंड नसतं.

महालक्ष्मी_सईस_पुत्र

अजून एक, घोडी बदलायचा विचार असला आणि सारंगखेड्याच्या बाजाराला गेलात तर आपला डॉक्टर बरोबर न्या नाहीतर निदान व्हिडिओवर दाखवा, विकणाऱ्याने दिलेल्या चिठ्ठीवर जाऊ नका. तिथे लोक अंगावरचे केसांचे भोवरे मोजतात, त्यातला शुभ मानतात तो देवमण बघतात आणि पाय बघायचे विसरतात. ग्लँडर्सची रक्ततपासणी झालीये का विचारा, तो रोग घोड्यात बरा होत नाही, कायद्याने जनावर मारावं लागतं आणि माणसालाही होतो. आमच्या शेजारच्या काकांची व्हिक्टोरिया घोडागाडी होती, २०१५ ला हायकोर्टाने व्हिक्टोरिया बंद करायला सांगितल्यावर त्यांनी घोडे विकले, विकताना पण त्यांनी स्वतः तपासणी करून कागद दिला होता. सगळे तसे नसतात.

दहिसरचा_धाकटा

सगळ्यांचे आभार, खरंच. दोन दिवस फोन करत होतो. म्हशी-शेळ्यांना काशिमीऱ्याच्या बाजूचे एक डॉक्टर ठरवले, दुधाचं मी न विचारता त्यांनीच काढलं आणि ते सुट्टीवर असले की कोण येणार त्याचा नंबर पण दिला. घोडीसाठी चार जणांना नळीचं विचारलं. दोघांनी विषय बदलला. एकजण म्हणाले तुम्हाला हे कोणी शिकवलं. चौथे म्हणाले दोन मापांच्या आहेत, घोडी केवढी आहे? ते गोरेगावात राहतात, रात्री साधारण पाऊण तास लागेल म्हणाले, आणि रविवारी सगळं ठीक असताना एकदा येऊन घोडी बघतो, म्हणजे तिची नाडी किती असते ते लिहून ठेवता येईल.

आता मोनेन्सिनचं. बाबा म्हशींची गोळीपेंड दोन मुठी घोडीला घालायचे, वर्षानुवर्षं. मी वाचून दाखवल्यावर काही बोलले नाहीत, उठून गेले आणि घोडीची घमेली धुऊन आणली. डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले आजपासून बंद, फक्त हरभरा, कोंडा आणि गवत, आणि पोत्यावरचं लेबल काढून ठेवा मी बघतो. लेबल कुठे सापडेना. शेवटी आईने सांगितलं ते पोतं मागच्या दाराला पायपुसणं झालंय. उलटं करून बघितलं तर अर्धी अक्षरं घासून गेलीत, कंपनीचं नाव आणि "दुभत्या जनावरांसाठी" एवढंच वाचता येतंय. उद्या दुकानात जाऊन नवीन पोत्याचा फोटो काढून आणतो.

परळ_फायनल_इयर

फोटो इथे पण टाका. मागची बाजू, बारीक अक्षरातली.