फोर्झा होरायझन ५ (कार रेसिंग गेम): कॅम्बर, टो, कास्टर नक्की किती ठेवायचं?

देवगडकर:
मंडळी, सल्ला हवाय. माझदा एमएक्स-५ला रेस सस्पेन्शन टाकलं, अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांच्या कोनांचं, पान उघडलं. एका व्हिडिओत बघून चारही चाकांना कॅम्बर -३.० अंश, पुढे टो बाहेर ०.५ आणि कास्टर ७ केलं. आता गाडी सरळ रस्त्यावरही वळवळते, ब्रेक लागत नाहीत आणि वळणातून बाहेर पडताना मागची बाजू सुटते. पावसामुळे रोज संध्याकाळी लाइट जाते. इन्व्हर्टरवर जेमतेम तासभर मिळतो, तो आकडे हलवण्यातच संपतो. चांगले आकडे कोणी देईल का?

दापोली_ड्रायव्हर:
डांबरी रस्त्यासाठी इथून सुरुवात कर: कॅम्बर पुढे -१.२, मागे -०.८, टो दोन्हीकडे शून्य, कास्टर ५.५.

पण तुझं बिघडलं कुठे ते समजून घे. उणे कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणं. वळणात गाडी बाहेर कलते, तेव्हा बाहेरचं चाक सपाट टेकावं म्हणून ते द्यायचं. -३.० दिलंस तर सरळ रस्त्यावर टायर फक्त आतल्या कडेवर उभा राहतो. मग ब्रेक आणि पिकअप कुठून मिळणार?

टेलिमेट्री चालू कर. टायरचं आतलं, मधलं, बाहेरचं तापमान दिसेल. एकाच रस्त्यावर दोन-तीन फेऱ्या मार. आतली कड खूपच तापत असेल तर कॅम्बर कमी कर (शून्याकडे ने), बाहेरची जास्त तापली तर वाढव. तिथेच कॅम्बरचा चालू आकडाही दिसतो. भर वळणात बाहेरच्या पुढच्या चाकाचा आकडा शून्याच्या किंचित खाली असला की झालं.

कास्टर म्हणजे बुलेटच्या पुढच्या फोर्कला असतो तसा तिरकेपणा. तो वाढवला की स्टिअरिंग वळवताना बाहेरच्या चाकाला आपोआप जादा कॅम्बर मिळतो. म्हणून कास्टर ७ आणि कॅम्बर -३.०, दोन्ही एकदम नको. आणि एका वेळी एकच आकडा हलव, हे मात्र नक्की पाळ.

कुडाळचा_पक्या:
टोबद्दल माझा अनुभव. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकांची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असणं. गेल्या पावसाळ्यात हायवेच्या खड्ड्यात आमच्या घरच्या गाडीचं चाक आपटलं. गाडी डावीकडे ओढायला लागली, तरी आम्ही तशीच चालवली. दोन महिन्यांनी टायरवर हात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखं टोचायचं. टो बिघडलं की रबर रस्त्यावर घासत जातं, ते असं. गेममध्येही टायर तसाच तिरका ओढला जातो. त्यामुळे ०.५ फार झालं. वळताना नाक सुस्त वाटलं तरच पुढे बाहेर ०.१ दे. मागची बाजू सुटत असेल तर मागे आत ०.१.

देवगडकर:
दोघांचेही मनापासून आभार! दापोलीचे आकडे घातले, कास्टर ५.५वरच ठेवलं. वळवळ थांबली, ब्रेकही लागतायत. पुढची बाहेरची कड अजून तापत होती, म्हणून कॅम्बर -१.५ केलं. मागे टो आत ०.१ दिल्यावर वळणातून निघताना आता पूर्ण ॲक्सिलरेटर देता येतोय. उद्या हीच गाडी ओल्या रस्त्यावर बघतो.